खरेदी थांबवण्याआधी बोत्सवानाशी बोला: मुंबईच्या हिरे बाजाराला खुले पत्र

प्रति,
भारत डायमंड बोर्सचे पदाधिकारी आणि सर्व सभासद,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

सप्रेम नमस्कार.

15 ऑक्टोबर ते 15 डिसेंबर 2023 असे दोन महिने परदेशातून कच्चा हिरा आणायचा नाही, असं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. त्यामागे सरकारी हुकूम नव्हता. व्यापारी संघटना एकत्र बसल्या आणि धंद्याच्या हितासाठी स्वतःहून आवक थांबवली. अमेरिका आणि चीनमधली मागणी पडली होती, तयार माल तिजोऱ्यांत साचला होता, भाव घसरत होते. सुरतेतल्या कारागिरांच्या हाताला काम उरेल की नाही ही चिंता होती. आवक रोखल्याशिवाय भाव सावरणार नव्हते, हे मला समजतं. तो निर्णय चुकीचा होता असं म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही.

मी लिहितोय ते वेगळ्या कारणासाठी. जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांतले नऊ आपल्या देशात घडतात. अशा देशाने दोन महिने खरेदी बंद ठेवली की त्याची झळ दूरच्या एका छोट्या देशाच्या अर्थसंकल्पाला थेट बसते. तिथल्या दवाखान्यांना, शाळांना, विद्यार्थ्यांच्या भत्त्यांना बसते. त्या दोन महिन्यांत आपल्याकडे जी चर्चा झाली, बातम्या आल्या, त्यांत त्या देशाचं नाव मला जवळजवळ ऐकूच आलं नाही. तो देश आफ्रिकेतला बोत्सवाना. किमतीचा हिशेब धरला तर रशियानंतर सर्वाधिक हिरा देणारा.

मी तिथे गणित शिकवलं आहे. नव्वदच्या दशकात भारतातून शिक्षक, डॉक्टर, हिशेबनीस, अभियंते बोत्सवानाला जात, त्यांतलाच मी एक. सेरोवे इथल्या सरकारी माध्यमिक शाळेत माझी नेमणूक होती. शाळेची इमारत, मुलांची पुस्तकं, दुपारचं जेवण आणि माझा पगार, सगळं सरकार देई. आणि सरकारकडे पैसा येई तो मुख्यतः हिऱ्यांतून. लालबागला राहिलेल्या माझ्या आईवडिलांचं म्हातारपण त्याच पैशावर निभावलं. त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही, आणि तसा आवही आणत नाही.

तुमच्यापैकी अनेकांनी राजधानी गॅबोरोनचा विमानतळ, हॉटेल आणि विक्रीची इमारत एवढंच पाहिलं असेल. साइटला, म्हणजे कच्च्या हिऱ्याच्या ठरावीक विक्रीला जायचं, आपल्या वाट्याचा बॉक्स बघायचा, माल घ्यायचा, परतीचं विमान पकडायचं. म्हणून तो देश कसा उभा राहिला ते थोडं सविस्तर सांगतो.

क्षेत्रफळाने बोत्सवाना महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे. माणसं मात्र 2022 च्या जनगणनेत साडेतेवीस लाखांच्या आसपास भरली. 2011 साली आपल्या नागपूर शहराची होती त्याहूनही थोडी कमीच. बराचसा भाग कलाहारीच्या वाळूचा. समुद्र नाही, बंदर नाही. ब्रिटिशांच्या काळात या मुलखाचं नाव बेचुआनालँड होतं आणि त्याचा कारभार चालायचा तो देशाबाहेरून, दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगहून. राज्यकर्त्यांना या भूमीत राजधानी बांधण्याचीही गरज वाटली नव्हती. 30 सप्टेंबर 1966 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा देशभरात डांबरी रस्ता सारा मिळून 12 किलोमीटर होता आणि पदवीधर बोटांवर मोजण्याइतके. वर्षानुवर्षं दुष्काळ. उत्पन्न म्हणजे गुरंढोरं, आणि जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत राबायला गेलेल्या पुरुषांनी घरी पाठवलेले पैसे. सरकारचा रोजचा खर्चही ब्रिटनच्या अनुदानावर चालत होता.

स्वातंत्र्यानंतर वर्षभराच्या आत, 1967 मध्ये, ओरापाला हिरे सापडले. डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीचे भूगर्भशास्त्रज्ञ 1955 पासून वाळूत शोध घेत होते. ओरापाची जागा बामांग्वातो जमातीच्या मुलखात येते, आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे त्याच जमातीच्या राजघराण्यातले. परंपरेप्रमाणे त्या जमिनीखालची संपत्ती त्यांच्या लोकांची ठरली असती. पण 1967 च्याच खनिज कायद्याने जमातींच्या मुलखातल्या खनिजांचा हक्क राष्ट्राकडे आणला. खामांनी हे आपल्याच माणसांच्या गळी उतरवलं, खोत्लामध्ये, म्हणजे गावसभेत बसून. या एका गोष्टीचं महत्त्व मला तिथे राहिल्यावरच पुरतं कळलं. हिरा अंगोलात होता, सिएरा लिओनमध्ये होता, काँगोत होता. तिथे तो बंदुका विकत घ्यायच्या कामी आला. बोत्सवानात त्याच हिऱ्याने शाळा उघडल्या. हा फरक जमिनीखालच्या दगडाने पाडलेला नाही, माणसांनी केलेल्या कायद्याने पाडला आहे. छोट्या देशाला नैसर्गिक संपत्ती तारते की मारते या वादात मी नेहमी या वर्षाकडे बोट दाखवतो.

पुढचा टप्पाही तितकाच धीराचा. सुरुवातीच्या करारात डी बिअर्ससोबतच्या खाण कंपनीत सरकारचा वाटा अवघा 15 टक्के होता. हिरे अंदाजापेक्षा जास्त निघतात असं दिसताच सरकारने पुन्हा बोलणी उघडली आणि 1975 पर्यंत वाटा निम्म्यावर आणला. आज तुम्ही जिला देबस्वाना म्हणून ओळखता ती हीच कंपनी. कर, रॉयल्टी आणि लाभांश मिळून नफ्याच्या दर रुपयातले सुमारे ऐंशी पैसे सरकारकडे जातात. खाणी ताब्यात घेतल्या नाहीत, परक्या कंपनीला हाकलून दिलं नाही. टेबलावर बसून, आकडे मांडून, दर काही वर्षांनी थोडं थोडं अधिक मागत गेले. क्वेट मासिरे त्या काळात अर्थमंत्री होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. हिशेबात काटेकोर म्हणून त्यांचं नाव तिथे अजून काढतात.

1982 मध्ये ज्वानेंगची खाण सुरू झाली. किमतीच्या दृष्टीने ही जगातली सर्वात श्रीमंत हिऱ्याची खाण. गंमत अशी की ती वाळूच्या जाड थराखाली दडलेली होती, आणि तिचा माग लागायला वाळवीची मदत झाली. पाण्याच्या शोधात खोल जाणाऱ्या वाळवीने खालच्या खडकातले खनिजांचे कण वर वारुळात आणून टाकले होते.

पैसा आला तेव्हा तो कुठे गेला? रस्ते, पाणी, दवाखाने, शाळा. प्राथमिक शिक्षणाची फी 1980 मध्ये गेली, माध्यमिकची त्यानंतर काही वर्षांत. खर्चून उरलेलं परदेशी चलनात साठवायला 1994 मध्ये पुला फंड उभा केला. एक शिस्तही घालून घेतली. हिरा संपणारी वस्तू आहे, तेव्हा हिऱ्याचा पैसा जाईल तो टिकणाऱ्या गोष्टींवर, माणसांच्या शिक्षणावर आणि आरोग्यावर. रोजचा सरकारी खर्च इतर उत्पन्नातून भागवायचा. ही शिस्त दरवर्षी पाळली गेली असं मी म्हणणार नाही. पण निदान ती कागदावर होती आणि संसदेत तिच्यावरून सरकारला जाब विचारला जाई.

विद्यापीठाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1975 मध्ये तीन देशांचं मिळून असलेलं विद्यापीठ मोडलं आणि बोत्सवानाला स्वतःचं उभारण्याची वेळ आली. तेव्हा ‘मोत्हो ले मोत्हो खोमो’ अशी हाक दिली गेली: प्रत्येकाने एक एक गाय द्यावी. लोकांनी खरोखर गाई दिल्या. ज्यांच्याकडे गाय नव्हती त्यांनी धान्य दिलं, कोंबड्या दिल्या, अंडी दिली. ज्या समाजात माणसाची पत गुरांवरून ठरते तिथे गाय देणं म्हणजे काय, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागणार नाही. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी भाऊराव पाटलांना मूठमूठ धान्य देणाऱ्या सातारच्या बायाबापड्यांची आठवण मला तिथे झाली होती. हिऱ्याचा पैसा पुढे त्या विद्यापीठात ओतला गेला, पण पाया लोकांच्या गुरांवर घातलेला होता. नुसत्या खाणीने देश घडत नाही, हे त्या लोकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मग एड्स आला. या शतकाच्या सुरुवातीला तिथे दर तीन प्रौढांमागे एकाला लागण होती. माझ्या वर्गातल्या मुलांना शनिवार-रविवार म्हणजे अंत्यविधी, असं झालं होतं. 2002 च्या जानेवारीत सरकारने ‘मासा’ नावाचा कार्यक्रम सुरू केला आणि एचआयव्हीवरची औषधं सरकारी दवाखान्यांतून मोफत द्यायला सुरुवात केली. आफ्रिकेत राष्ट्रीय पातळीवर असं करणारा हा पहिला देश. परदेशी संस्थांची आणि औषध कंपन्यांची मदत होती, ती नाकारू नये. पण इतका मोठा भार उचलायची हिंमत सरकारला झाली ती तिजोरीत हिऱ्यांचे पैसे होते म्हणून. आईकडून बाळाला होणारी लागण तिथे आता जवळपास थांबली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याची नोंद घेतली आहे. आज तिशी-चाळिशीत असलेले माझे कितीतरी विद्यार्थी त्या गोळ्यांमुळे आपल्या मुलांना शाळेत सोडायला जातात.

इथपर्यंत ही यशाची गोष्ट आहे. आता दुसरी बाजू, आणि तिचा तुमच्याशी जास्त संबंध आहे.

बोत्सवानाच्या निर्यातीतला सुमारे 80 टक्के हिस्सा हिऱ्यांचा असतो. सरकारी उत्पन्नाचा तिसरा हिस्सा त्यातूनच येतो. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये, शांघायमध्ये लग्नं कमी झाली, मुंबईत खरेदी थांबली, की गॅबोरोनचा अर्थमंत्री अडचणीत. 1981 च्या मंदीत काही महिने देशाला हिरे विकताच आले नव्हते. 2008 च्या शेवटी अमेरिकेतल्या बँका कोसळल्या तेव्हा देबस्वानाने खाणी काही महिने बंद ठेवल्या, आणि कर्जापासून दूर राहणाऱ्या त्या सरकारला 2009 मध्ये आफ्रिकन विकास बँकेकडून दीड अब्ज डॉलरचं कर्ज काढावं लागलं. 2020 मध्ये कोरोना. दर वेळी देश सावरला, कारण दर वेळी मागणी परत आली आणि दर वेळी गाठीला बचत होती.

या वेळी तसं होताना दिसत नाही. 2024 मध्ये तिथली अर्थव्यवस्था सुमारे तीन टक्क्यांनी आकसली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या निवडणुकीत, स्वातंत्र्यापासून 58 वर्षं सत्तेत असलेला पक्ष हरला आणि डुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले. सत्ता शांतपणे हातातून हातात गेली, हे त्या देशाचं मोठेपण. पण नव्या सरकारला मिळालेली तिजोरी जवळपास रिकामी होती. साठवलेली गंगाजळी तूट भरता भरता आटली. ऑगस्ट 2025 मध्ये बोको यांना सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली, कारण सरकारी दवाखान्यांत औषधं आणि साधनसामग्री संपत आली होती. औषधखरेदीतला ढिसाळपणा होता, चढे दर होते, अमेरिकेची मदतही आटली होती. सगळं खापर हिऱ्यावर फोडणं बरोबर नाही. पण तिजोरी भरलेली असती तर ढिसाळपणाही इतका महाग पडला नसता. ज्या देशाने आफ्रिकेत सर्वात आधी मोफत औषधं दिली, तिथे साध्या औषधांसाठी माणसं रांगेतून परत जात होती.

तुमच्यातले काही म्हणतील की चूक त्यांचीच आहे. पन्नास वर्षं हिऱ्यावर बसून राहिले, दुसरे उद्योग का उभारले नाहीत? हा प्रश्न अर्थतज्ज्ञही विचारतात आणि त्यात तथ्य आहे. खाणीत यंत्रं जास्त आणि माणसं थोडी लागतात, त्यामुळे देशात पैसा आला तरी रोजगार आला नाही. बेरोजगारी आज एक चतुर्थांशाच्या वर आहे. विषमताही भयंकर. पण हेही लक्षात घ्या की प्रयत्न झाले नाहीत असं नाही. सेलेबी-फिक्वेला तांबं-निकेलची खाण आणि तिच्याभोवती अख्खं शहर वसवलं. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये ती खाण बंद पडली आणि पाच हजारांहून अधिक माणसं एका दिवसात घरी बसली. गोमांसाचा व्यापार आहे, पण तोंडखुरीची साथ आली की युरोपची दारं बंद होतात. पर्यटन आहे, ओकावांगोच्या पाणथळीवर जगभरचे लोक जातात. कारखानदारीसाठी माल समुद्रापर्यंत न्यायचा तर दुसऱ्या देशातून जावं लागतं, आणि घरची बाजारपेठ एका शहराएवढी. पंचवीस लाखांच्या देशाला ‘विविधता आणा’ असं सांगणं सोपं आहे.

सर्वात व्यवहार्य वाट त्यांना हिऱ्यातच दिसली. कच्चा हिरा विकून मोकळं होण्याऐवजी निवड, पैलू, विक्री यांतलं शक्य तेवढं काम देशात आणायचं. 2011 च्या करारात त्यांनी डी बिअर्सकडून ते मिळवलं आणि 2013 मध्ये लंडनची विक्री गॅबोरोनला आली. तुमची वर्षाकाठी दहा वेळा होणारी वारी तेव्हापासूनची. पैलू पाडायचे कारखाने निघाले, त्यांतले बरेचसे भारतीयांचे. सुरतेहून गेलेल्या कारागिरांनी त्स्वाना, म्हणजे तिथल्या स्थानिक मुलामुलींना घंटीवर, पैलू पाडायच्या चाकावर बसवून हात धरून काम शिकवलं. ही गोष्ट आपल्याला अभिमानाची आहे आणि ती आपण कधी मोठ्याने सांगितली नाही. पण मंदी आली की पहिला कारखाना बंद होतो तो गॅबोरोनचा, कारण तिथली मजुरी सुरतेपेक्षा जास्त. व्यापाराच्या हिशेबात ते बरोबर दिसतं. त्या मुलीला मात्र दुसऱ्या कारखान्यात जायला गावात दुसरा कारखानाच उरत नाही.

मी गिरणगावात वाढलो. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला, त्याच वर्षी तिकडे ज्वानेंगची खाण उघडली. एका धंद्यावर जगणारी वस्ती तो धंदा गेल्यावर कशी रिती होते, हे मी माझ्या चाळीत पाहिलं. गिरण्यांचं काय करायचं ते ठरवणारे कधी लालबाग-परळच्या माणसांना विचारायला आले नाहीत. बोत्सवाना म्हणजे एक अख्खा देशच एका गिरणीवर उभा आहे. त्या गिरणीचं सर्वात मोठं गिऱ्हाईक तुम्ही आहात.

आता प्रयोगशाळेत बनणाऱ्या हिऱ्याविषयी. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे तुमचे दोन्ही हात गुंतलेले आहेत. सुरतेत सीव्हीडी यंत्रं, म्हणजे वायूतून हिरा वाढवणारी यंत्रं, रात्रंदिवस चालतात आणि काही आठवड्यांत हिरा तयार होतो. 2023 च्या अर्थसंकल्पात आपल्या सरकारने अशा हिऱ्यांच्या बीजांवरचं आयातशुल्क काढून टाकलं आणि संशोधनासाठी आयआयटीला अनुदान दिलं. त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा प्रयोगशाळेतला हिरा भेट दिला. अमेरिकेतल्या साखरपुड्याच्या अंगठ्यांत आता या हिऱ्याचा मोठा वाटा आहे. आपल्या कारागिरांना त्यातून काम मिळतं, आणि गरीब घरातल्या मुलीलाही हिऱ्याची अंगठी घालता येते, यात मला वाईट काही दिसत नाही. तो धंदा बंद करा असं मी म्हणणार नाही, म्हणून उपयोगही नाही.

पण दोन गोष्टी एकाच पुडीत येता कामा नयेत. बारीक मालात न सांगता मिसळलेले सीव्हीडी दगड बाजारात सापडतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्यासाठीच तपासणीची यंत्रं आली, नियम झाले. एका पाकिटात दोन-चार दगड मिसळणाऱ्याला थोडे पैसे सुटत असतील. गिऱ्हाइकाचा नैसर्गिक हिऱ्यावरचा विश्वास मात्र त्याने ढासळतो, आणि तो विश्वास म्हणजेच बोत्सवानाचं भांडवल आहे. दुकानात सांगितली जाणारी एक गोष्टही मला खटकते: प्रयोगशाळेतला हिरा ‘नैतिक’, कारण त्यामागे खाण नाही. ज्या देशात खाणीतल्या हिऱ्यामुळे मुलांची फी माफ झाली, एड्सची औषधं मिळाली, त्याच्या हिऱ्याला असं एका शब्दात अनैतिक ठरवू देऊ नका. हे वाक्य तुमच्याच माहितीपत्रकांत छापलेलं असेल तर ते काढून टाका.

म्हणून माझं मागणं असं आहे की नैसर्गिक हिरा विकताना तो कुठला, हे सांगा. पाकिटावर, बिलावर आणि दागिन्याच्या प्रमाणपत्रावर. 2024 मध्ये रशियन हिऱ्यांवर बंदी घालताना जी-7 देशांनी उगमाचा पुरावा मागितला, तेव्हा मुंबई आणि गॅबोरोन दोघांनीही कुरकूर केली, कारण माल बेल्जियममधल्या अँटवर्पमार्गे न्यायचा म्हणजे खर्च आणि उशीर. तक्रार रास्त होती. पण उगमाची नोंद ठेवायची यंत्रणा आता तयार होतेच आहे, तर तिचा उपयोग त्या देशाच्या भल्यासाठी का करू नये? नाशिकची द्राक्षं, रत्नागिरीचा हापूस आपण नाव सांगूनच विकतो. ज्वानेंगचा हिरा विकत घेणाऱ्या बाईला त्याचं गाव कळू द्या.

नाव सांगायचं म्हटलं की बोत्सवानाच्या अंगावरचा डागही सांगावा लागतो. मध्य कलाहारीच्या राखीव क्षेत्रातून बासार्वा, म्हणजे सान आदिवासींना, सरकारने 1997 आणि 2002 मध्ये बाहेर काढलं. हिऱ्यांसाठी काढलं, असा आरोप झाला. सरकारने तो नाकारला. पण त्याच क्षेत्रात घोपे इथे हिऱ्याचा साठा होता आणि पुढे तिथे खाण झालीही. 2006 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने हे हुसकावणं बेकायदा ठरवलं. आपल्या सरकारविरुद्ध आदिवासी तिथे खटला जिंकू शकले, हे चांगलंच. पण त्यांचं बरंचसं आयुष्य तोवर मोडलं होतं. उगम सांगायची पद्धत पडली तर असे प्रश्न तुम्हालाही विचारले जातील. ते विचारले जावेत. कच्चा माल घेणाऱ्याने हेही विचारलं पाहिजे की या खाणीच्या जागेवर आधी कोण राहत होतं.

दुसरं मागणं गॅबोरोनमधल्या तुमच्या कारखान्यांचं. मंदीत माणसं कमी करायची वेळ आली तर सगळा भार तिथल्याच माणसांवर टाकू नका. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिने घडवणारी आपली कोकणातली, उपनगरातली मुलंमुली आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं तेव्हा त्यांच्या पोटात काय कालवाकालव झाली असेल, याची तुम्हाला कल्पना आहे. दूरच्या कुणी तरी एका सहीने आपली भाकरी हिरावली, ही भावना तुम्ही नुकतीच अनुभवली. तिथल्या मुलांना घंटीच्या कामापुढे काही शिकू द्या: मालाची पारख, दागिन्याचा आराखडा, विक्री. मुंबईत दागिने-रत्नांचं शिक्षण देणारी चांगली संस्था तुमच्याच धंद्याने उभी केली आहे. दरवर्षी बोत्सवानाच्या काही विद्यार्थ्यांना तिथे जागा आणि शिष्यवृत्ती देणं तुम्हाला जड जाणार नाही. त्यातले काही उद्या तुमच्याशी भाव करायला टेबलाच्या पलीकडे बसतील, आणि ते चांगलं होईल.

तिसरं, आणि ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. कच्च्या हिऱ्याची खरेदी थांबवणं, कमी करणं, पुढे ढकलणं, असा कोणताही सामूहिक निर्णय घेण्याआधी बोत्सवाना सरकारशी बोला. 2020 च्या टाळेबंदीतही तुम्ही असा निर्णय घेतला होता, 2023 मध्येही. तिसऱ्यांदा घ्यावा लागणार नाही असं कुणीच सांगू शकत नाही. त्यांना आधी कळलं तर खाणीतलं उत्पादन सावकाश उतरवता येतं, अर्थसंकल्पात तरतूद करता येते, औषधांची खरेदी आधी उरकता येते. निर्णय तुमचाच राहील. आठ-दहा आठवड्यांची पूर्वसूचना मात्र एखाद्या देशाला हजारो नोकऱ्या वाचवायला पुरते.

आणि हे फक्त त्यांच्या भल्याचं आहे असं समजू नका. डी बिअर्सची मालक कंपनी अँग्लो अमेरिकनने 2024 च्या मे महिन्यात डी बिअर्स विकायला काढली. बोत्सवाना सरकारची तिच्यात 15 टक्के भागीदारी आहे आणि ती वाढवायची त्यांची उघड इच्छा आहे. सरकारच्या ओकावांगो डायमंड कंपनीला देबस्वानाच्या मालातला मिळणारा वाटाही फेब्रुवारी 2025 च्या करारानुसार टप्प्याटप्प्याने वाढत निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. पुढच्या दहा वर्षांत कच्चा हिरा कुणाला, किती आणि कोणत्या भावाने द्यायचा, हे ठरवण्यात गॅबोरोनचा शब्द आजपेक्षा खूप जड होणार. अडचणीच्या काळात कुणी विचारलं होतं आणि कुणी नव्हतं, हे ती माणसं लक्षात ठेवतात. करार करताना त्यांची स्मरणशक्ती किती दीर्घ असते ते डी बिअर्सला विचारा.

नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू बोत्सवानाला जाऊन आल्या. भारताच्या राष्ट्रपतींची ती पहिलीच भेट. त्या देशाने आपल्याला आठ चित्ते द्यायचं मान्य केलं आणि आपल्याकडे चर्चा झाली ती जास्त करून चित्त्यांची. दोन देशांत जे रोज जातं-येतं, ते तुमच्या पाकिटांतून जातं-येतं; तुमचा बाजार हाच आपला तिथला खरा दूतावास आहे.

बोत्सवानाचं उच्चायुक्तालय दिल्लीत आहे. तिथल्या खनिज मंत्रालयाशी आणि ओकावांगो कंपनीशी वर्षातून दोनदा ठरवून बोलणारी एक छोटी समिती तुमच्या पुढच्या सभेत नेमा. बोर्स, निर्यात परिषद आणि सुरतेचे कारखानदार या तिघांचे लोक तिच्यात असू द्या. गॅबोरोनला तुमची माणसं दर पाच-सहा आठवड्यांनी जातच असतात. पुढच्या साइटच्या वेळी परतीचं विमान एक दिवस उशिराचं घ्यायला सांगा आणि तो दिवस मंत्रालयात घालवा.

कळावे,
आपला,
लालबागचा एक निवृत्त गणित शिक्षक